चार वाजताचा हिरवा

६ जानेवारी

रंगोबा यांस,

सुखरूप पोचले. लेक बरी आहे, जावई बरे आहेत आणि नातू दिवसा झोपून रात्री सगळ्या घराला कामाला लावतो. आजोबांवर गेलाय, असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय.

लेकीने तुम्हाला फोन लावला तर लागेना. मग तिने खालच्या शिंपीणबाईंना लावला, तेव्हा कळलं की तुमचा फोन जवसाच्या तेलाच्या डब्यात पडला आणि तुम्ही तो काढून, पुसून पुन्हा खिशात घातलात. अहो, मला निघून एक दिवस नव्हता झाला! एका परीने बरंच झालं म्हणा. फोनवर तुम्ही "हो, हो" म्हणता आणि करायचं तेच करता. लेखी असलं की माझ्यापाशी पुरावा राहतो. पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचं, चित्राने नाही.

आता ऐका. चहाच्या कपात ब्रश बुडवायचे नाहीत आणि ब्रशच्या कपातला चहा प्यायचा नाही. जेवण शिंपीणबाई वर पाठवतील, ते ताटात घ्यायचं, रंगाच्या पाटीवर नाही. आणि मी उन्हाळा लागेपर्यंत इथे आहे, तेवढ्यात माझं एक काम करा. स्वयंपाकघरातला ओटा! आपल्या आधी राहणाऱ्यांनी तो कुणा बुटक्या माणसाला मोजून बांधलाय, वाकून वाकून माझी कंबर गेली. या घरात आल्यापासून सांगतेय. दर वेळी तुमचं एकच, "आधी तो उजेड सापडू दे." तुमचा तो उजेड कुठला आणि कसला, ते मला आजवर कळलेलं नाही. चित्रकारांचं काहीतरी असेल. ओटा मात्र साधा दगडाचा असतो, तो कुठल्याही गवंड्याला सापडतो.

माझी काळजी करू नका, मला काही झालेलं नाही.

तुमची,
सरकार
(हे नाव तुम्हीच ठेवलंत, आता भोगा.)


१५ जानेवारी

सरकार दरबारी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण जमिनीवर जागा नाही. उभ्याउभ्याच स्वीकार व्हावा.

स्वयंपाकघराच्या कामाला हात घातला आहे. नुसता हात नाही, एक खरवडणी, एक हातोडी आणि सुताराकडून उसनी आणलेली पटाशी. तू गेलीस त्याच दुपारी चहा करायला आत गेलो. चार वाजत आले होते, खिडकीतून ऊन आलं होतं, आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. चहा आटून करपला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सरकार घरात असताना या खोलीला बोट लावायची माझी छाती नव्हती, हे तुलाही ठाऊक आहे.

भिंत खरवडतोय. वरचा सायीचा रंग निघाला, त्याखाली निळा लागला. आठवतो? तुझ्या भावाला फुकट मिळाला म्हणून त्याने डबाभर आणून दिला होता आणि आपण वर्षभर विहिरीत बसून जेवल्यासारखे जेवत होतो. निळ्याखाली पिवळा आहे. मला हिरवा हवा आहे. हिरव्याशिवाय या खोलीत राम नाही. तो मिळेपर्यंत मी थांबणार नाही, मग विटा लागल्या तरी बेहत्तर.

शिंपीणबाई जेवण पाठवतात. ताटातच घेतो. कालच्या भाजीत थोडा पिवळा पडला, पण चवीत फरक जाणवला नाही.

एक विचारतो. तुझ्या पत्रातल्या ओळी उतरत गेल्या आहेत. तुझी ओळ नेहमी चढते. हात बरा आहे ना?

तुझा,
रंगोबा


२३ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, मग लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, बाबांना ताप नाही ना?" मी तिला गप्प केलं. म्हटलं, माणूस सुधारतो. उशिरा सुधारतो, पण सुधारतो. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुम्ही स्वतःहून पटाशी उसनी आणलीत, हे मी लग्नानंतर प्रथमच ऐकतेय.

हिरवा चालेल मला. अगदी गडद नको, खोली अंधारी होईल. फिका, धुतलेल्या पानासारखा. आणि एवढा जीव टाकून खरवडत बसू नका, रंगारी वरून सरळ हात मारतात. पण तुमचं काम म्हणजे मुळापासून, ते मी ओळखून आहे.

आता ओट्याचं माप लिहून घ्या. मी ताठ उभी राहिले की माझ्या कोपराखाली चार बोटं. माझी बोटं, गवंड्याची नाही. त्याचा पंजा केवढा असेल कोण जाणे. आणि ती वरची कपाटं काढता आली तर काढाच, तिथवर हात नेणं आता नकोसं होतं.

ओळी उतरतात कारण नातवाला मांडीवर घेऊन लिहिते. तुम्ही भिंतीकडे बघा, माझ्या ओळींकडे नको.

तुमची,
सरकार


६ फेब्रुवारी

सरकार दरबारी,

कपाटं काढली! तुझी आज्ञा पोचण्याआधीच काढली होती, तेव्हा आपलं मन कसं जुळतं ते बघ.

काम जोरात आहे. पिवळ्याखाली हिरवा नाही. पिवळ्याखाली चुना आणि चुन्याखाली वीट. चारही भिंती पाहिल्या, माळ्याखालचा कोपराही पाहिला. म्हणजे हिरवा भिंतीवर कधी नव्हताच. दोन दिवस डोकं धरून बसलो. मग लख्ख कळलं, तो बाहेरून यायचा! खिडकीतून! तेव्हा आपली खिडकी लाकडी होती, जाड काचांची. ही सरकती खिडकी आपण नंतर बसवली, हिच्यातून ऊन नुसतं पांढरं येतं. ती काढून टाकली. सुतार जुन्यासारखी चौकट करून देतोय. तोवर भोकाला कॅनव्हास लावलाय, रात्री वारा लागतो, पण मला काही थंडी वाजत नाही.

काच बसेपर्यंत स्वस्थ थोडाच बसणार? समोरच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याची मागची भिंत आपल्या खिडकीसमोर आहे. ती पांढरी आहे. पूर्वी ती हिरवी असणार. त्यांना विचारलं, तर म्हणाले, मला हा दवाखाना घेऊन चारच वर्षं झाली. मग मी बादली घेऊन गेलो आणि ती रंगवून टाकली. अर्धी झाल्यावर ते बाहेर आले. ओरडले, पण मधेच थांबून म्हणाले, "तुमची खालची दाढ किडली आहे, आत या." मी तोंड उघडून भांडत होतो ना! दाढ काढली. त्या बदल्यात उरलेली भिंत रंगवू दिली. सौदा वाईट नाही, दाढ तशीही दुखत होती.

उद्या ऊन पडलं की कळेल.

ओळी अजून उतरतात. नातू एवढा जड आहे का?

रंगोबा


१४ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र वाचलं. कपाटं काढलीत, चांगलं केलंत. पण खिडकी का काढली? खिडकीबद्दल मी काही बोलले होते का? आणि दंतवैद्यांच्या भिंतीचा माझ्या ओट्याशी संबंध काय?

ओट्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. मी पुन्हा पुन्हा शोधली. उंदीर शोधावा तशी शोधली. गवंडी आला का? दगड आणला का? माप नीट पोचलं का?

जावई पुढच्या आठवड्यात कामानिमित्त तिकडे येताहेत. वीस मिनिटं का होईना, घरी डोकावतील. त्यांना चहा द्या. कप बघून द्या.

इकडे लेक रोज एकच धोशा लावते, "आई, आता इथेच राहा. तिथे तुझी फरफट होते." मी तिला म्हणते, अगं, तुझे बाबा माझ्यासाठी स्वयंपाकघर नवं करताहेत. हे मी शेजारणींनाही सांगितलंय. माझं तोंड पाडू नका.

सरकार


२५ फेब्रुवारी

जावई येऊन गेले. त्यांनी फोनवर फोटो दाखवले.

स्वयंपाकघर नाही तिथे. विटा आहेत. ओटा आहे तो जुनाच, आणि त्यावर विटांचा ढीग. भिंतीत भगदाड. भांडी हॉलमध्ये, हॉलमधला पलंग जिन्यात, आणि हॉलच्या मधोमध माणसाएवढा कॅनव्हास, त्यावर एक बाई हात वर करून उभी. तोंड नाही तिला. जावयांनी विचारलं, हे काय चाललंय बाबा? तर तुम्ही म्हणालात, "उजेड शोधतोय."

म्हणजे माझ्यासाठी काहीच नव्हतं. एक वीटसुद्धा माझ्यासाठी हलली नव्हती. मी इथे सगळ्यांना सांगत फिरले.

मला आता भांडायचंही नाही. एकच सांगते आणि ते लेखी आहे. नवा ओटा झाल्याशिवाय मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. लेक खोली द्यायला तयार आहे. चित्र करा नाहीतर ओटा करा, तुमची मर्जी.


३ मार्च

सरकार,

आज थट्टा नाही. तू सही केली नाहीस, म्हणून पत्र उलटून मागेही पाहिलं.

मी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण तू काय समजते आहेस ते मला तुझ्या दुसऱ्याच पत्रात कळलं होतं आणि मी गप्प राहिलो. तुझा आनंद वाचायला बरा वाटत होता. हा लबाडपणाच झाला. त्याची शिक्षा दे. पण ओटा आधी आणि चित्र नंतर, हे मला जमणार नाही. गवंडी आला की खोली बदलेल आणि तो उजेड कायमचा जाईल. चित्र होईपर्यंत गवंड्याला उंबरा ओलांडू देणार नाही. तू येणार नाहीस असं वाचूनही हेच लिहितोय. यावरून तुला काय ते कळेल.

तू म्हणतेस, तो उजेड कसला ते कळत नाही. तर ऐक. या घरात आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, उन्हाळ्यात, मी काही दिवस चित्रं विकायला बाहेरगावी गेलो होतो. परत आलो तो चारच्या सुमाराला. पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात आलो. तू खिडकीपाशी उभी होतीस. एक हात पार वर उचललेला, जणू उजेडाचं टोक धरून उभी आहेस. सगळी खोली हिरवी होती. हवा हिरवी, ओटा हिरवा, तुझा गाल, मान, दंड, सगळ्यांवर तो पातळ, ओला हिरवा. तू अशी शांत होतीस की मला श्वास घ्यायची भीती वाटली. मी म्हणालो, "हलू नकोस!" आणि रंग आणायला धावलो. आलो तेव्हा ऊन गेलं होतं आणि तू भांडी घासत होतीस.

तेव्हापासून मी जे काही रंगवलं, ते त्याच्याकडे जायचा रस्ता म्हणून रंगवलं. हिरव्याच्या मी किती तऱ्हा केल्या ते तुला ठाऊक आहे, तुझ्या बादल्यांवर अजून डाग आहेत. लोक म्हणाले वेडा आहे. असेन. पण मी ते पाहिलं होतं. आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, आणखी दहा वर्षांनी नुसतं आठवणं उरेल.

दंतवैद्यांची भिंत हिरवी झाली, काचाही बसल्या. खोली हिरवी झाली नाही. मी अडलोय. तेव्हा आता तुलाच विचारतो. तुला त्या दिवसाचं काही आठवतं का? कशाकडे बघत होतीस? मनात काय होतं?

रंगोबा


१२ मार्च

अहो शहाणे,

आठवतं का म्हणून काय विचारता? माझ्या हाडात बसलाय तो दिवस.

तुम्ही जाताना कपडे वाळत घालायची दोरी कापून घेऊन गेलात, चित्रांचा गठ्ठा बांधायला. आठवतंय? खिडकीवरचा खिळाही उपटलात, चित्राच्या चौकटीला कमी पडला म्हणून. आणि त्याच्या आधी आपल्या एकुलत्या एका चांगल्या चादरीवर हिरवा रंग सांडून ठेवला होतात. तो डाग जाईना, म्हणून मी बाजारातून हिरवी पूड आणून सगळी चादरच हिरवी रंगवून टाकली. दुसरी चादर होती, ती तुमच्या चित्रांवर पांघरलेली.

त्या दिवशी लेकीला ताप होता. तान्हीच होती. तिने ती चादर ओली केली. मी धुतली, आणि वाळत कुठे घालू? दोरी नाही, खिळा नाही. तेव्हा चादरीचं एक टोक खिडकीच्या झडपेत अडकवलं आणि दुसरं हाताने वर धरून उन्हात उभी राहिले. पोरीला झोपवायला दुसरं काही नव्हतं घरात. हात भरून आला होता, खाली घेतला की चादर जमिनीला लागायची. मनात काय होतं विचारता? शांत म्हणे! मी रागाने लाल झाले होते हो, आणि तुम्हाला हिरवी दिसले.

तेवढ्यात तुम्ही दारात उगवलात. "हलू नकोस!" म्हणालात आणि धावलात. मला काय वाटलं सांगू? वाटलं, बघितलं यांनी. समजलं यांना. हे दोरी आणायला धावले. म्हणून हलले नाही. हात तुटायला आला तरी धरून ठेवला. आणि तुम्ही आलात ते रंग घेऊन.

तेव्हा मी काही बोलले नाही, पोर कण्हत होती. नंतर सांगायचं राहून गेलं, आणि "तो उजेड, तो उजेड" म्हणजे हे, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला वाटायचं, कुठल्या डोंगरावरचा असेल. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत तर एका वाक्यात सांगितलं असतं. भिंती फोडल्यात, खिडकी फोडलीत, स्वतःची दाढ काढून घेतलीत, आणि बायकोला विचारायला इतकी वर्षं लागली. तेही मी घरात नाही म्हणून.

आता काय करायचं ते करा.

सरकार


३० मार्च

सरकार,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिंपीणबाई वर आल्या, त्यांना वाटलं मी आजारी आहे. मी म्हणालो, नाही, मी मूर्ख आहे. त्या म्हणाल्या, मग जेवून घ्या.

इतकी वर्षं मी त्या चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर शांती घालायचा प्रयत्न करत होतो. ती कधी बसली नाही, तोंड दर वेळी पुसावं लागलं. आता कळतंय का. पोर तापलेली, हात भरून आलेला, आणि समोर नवरा उजेड बघतोय. मला उजेड दिसला आणि चादर दिसली नाही. अगं, चादर दिसली नाही! डोळ्यांवर जगणारा माणूस मी.

तिसऱ्या दिवशी उठून तीन कामं केली. पहिलं, गवंड्याला बोलावलं. ओटा झाला. सुंदर काळा दगड आहे, पाणी टाकलं की त्यात खिडकी दिसते. माप तू पाठवलंच होतंस, पण "माझी बोटं" म्हणजे किती, ते गवंडी विचारू लागला. मी हॉलमधलं चित्र उचलून आणलं. ते तुझ्या उंचीचं आहे, बारीकसारीक मापांसकट. त्यातल्या बाईच्या खालच्या हाताच्या कोपराखाली चार बोटं मोजून खूण केली. गवंडी म्हणाला, असं गिऱ्हाईक पहिलंच. माझी चित्रं आजवर कुणाच्या कामी आली नव्हती, ही बोहनी समज.

दुसरं, दंतवैद्यांची माफी मागून त्यांची भिंत पुन्हा पांढरी केली. त्यांना हिरवी आवडायला लागली होती, पण मला बघवेना.

तिसरं, दोरी आणली. चांगली, जाड, पिळाची. स्वयंपाकघराच्या खिडकीवर दोन खिळे ठोकून आडवी बांधली आहे. उशीर झाला हे मला कळतं.

चित्राचं म्हणशील तर मी ते सोडलेलं नाही, आणि सोडलं असं लिहिलं तर तुझा विश्वास बसायचा नाही. आतापर्यंत चुकीच्या भिंतीमागे होतो, आता बरोबर खिडकीपाशी आहे. ती चादर अजून आहे का गं? आणि तू येशील का?

रंगोबा


१० एप्रिल

अहो रंगोबा,

चादर नाही. जुनी झाल्यावर मी तिची फडकी केली होती आणि त्या फडक्यांनी तुम्ही वर्षभर ब्रश पुसलेत. पुसताना "हिरवा जमत नाही, हिरवा जमत नाही" म्हणत होतात, ते मला चांगलं आठवतं.

दोरीचं वाचलं तेव्हा मी पत्र मिटून खिडकीपाशी गेले. लेकीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी दोरी आणली. तिला काय कळणार? पण मी रडतेय म्हटल्यावर तीही रडली, आणि मग नातू. जावयांनी येऊन सगळ्यांना पाणी दिलं.

आता माझंही एक ऐका. माझा उजवा खांदा धरलाय. इथे आले तेव्हा हात छातीच्या वर जात नव्हता, म्हणून ओळी उतरायच्या. तुम्हाला ते पहिल्याच पत्रात दिसलं आणि मी नातवावर ढकललं. घरी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "वा, असाच धर, हलू नकोस." इथे व्यायाम शिकवणारी एक बाई आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायची, पालीसारखी. जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ. पहिली रेघ बघून मला माझीच कीव आली होती. पण मी म्हटलं, घरात एकाने भिंत फोडायची तर दुसऱ्याने निदान चढावी. रोज करते. ओरडून करते, पण करते. आता रेघ लेकीच्या कपाळाच्या वर गेली आहे. ओळी चढायला लागल्यात का, बघा.

परवा बाजारात जाऊन हिरवी पूड आणली. जुन्या दुकानातली नाही, पण पुडी फोडल्याबरोबर मला कळलं, हाच. नवी पांढरी चादर घेतली आणि रंगवली. त्याच पाण्यात जावयांचे दोन शर्ट चुकून गेले. ते बिचारे काही बोलले नाहीत, आता तेच घालून कामावर जातात.

लेक म्हणते, कशाला जातेस? मी तिला सांगितलं, मला एक गोष्ट बघायची आहे. कारण असं आहे बघा. तो उजेड, ज्याच्यापायी तुम्ही घर उलथंपालथं केलंत आणि माझा जन्म रंगाच्या डब्यांत गेला, तो मी पाहिलेलाच नाही. मी त्याच्यात उभी होते. माझं तोंड चादरीकडे होतं आणि लक्ष पोरीच्या कण्हण्याकडे.

तेव्हा माझी अट. ओटा झाला, ती अट संपली. ही नवी. चादर तुम्ही धरायची. दोरीवर नाही, खिळ्यावर नाही, हाताने. आणि दारात मी बसणार.

महिनाअखेर निघते.

सरकार


२ मे, दुपारचे चार, स्वयंपाकघराचं दार

अहो,

हलू नका.

तुम्हाला बोलायला मनाई आहे आणि मला बोलवत नाही, म्हणून इथे खुर्चीत बसून लिहितेय. हे तुमच्या हातात पडेल तोवर ऊन गेलेलं असेल, म्हणून सगळं लिहून ठेवते. तुम्हाला तिथून दिसत नाहीये, आणि कुणीतरी सांगायला हवं.

आधी ओटा. दगड छान आहे. पण दोन बोटं उंच झालाय. तुम्ही मला चित्रावरून मोजलंत आणि चित्रातली मी तेव्हाची आहे. मी आता तेवढी राहिले नाही. पाडायचा नाही, खाली एक फळी टाकून उभी राहीन. राहू दे तो तसाच.

आता उजेड. ऊन आत्ता चादरीवर आलं. आधी नुसती चादर होती, ओली, जरा मळखाऊ हिरवी. मग मागून पेटल्यासारखी झाली आणि तिचा रंग खोलीत सांडला. ओट्याच्या दगडात खाली आणखी एक हिरवी खिडकी आहे. तुम्ही खरवडलेल्या विटा, त्यांच्याही कडा हिरव्या झाल्यात. चादरीचं पाणी तुमच्या कोपरावरून ठिबकतंय, आणि प्रत्येक थेंब पडेपर्यंत हिरवा असतो, पडला की काळा. हे तुम्ही तेव्हा पाहिलं नसणार, आधीच धावलात.

तुमच्या टकलावर हिरवा आहे. कानाच्या पाळीतून आरपार येतोय. वर धरलेला हात थरथरतोय, दंडावरचं कातडं लोंबतंय, आणि तुम्ही ओठ घट्ट मिटून उभे आहात. दुखतोय ना? दुखू दे. मलाही दुखला होता. बाहेरून काही कळत नाही हो. बाहेरून तुम्ही इतके शांत दिसता की खरंच श्वास घ्यायची भीती वाटते. तुम्ही खोटं बोलत नव्हतात.

माझ्या हातून पेन पडायला आलं एवढं ते सुंदर आहे. आता मला कळलं. याच्यामागे कुणी भिंती फोडल्या असत्या तर मीही त्याला वेडा म्हटलं नसतं. म्हणजे म्हटलं असतं, पण वीट उचलायला मदत केली असती.

ऊन सरकतंय. खालचा कोपरा गेला. उद्या मी उभी राहीन, माझी रेघ आता चौकटीपर्यंत पोचते. रंग आजच काढून दारापाशी ठेवा, म्हणजे धावावं लागणार नाही. आणि त्या बाईला तोंड द्याल तेव्हा मला विचारून द्या.

अजून थोडं आहे. हलू नका. मी बघतेय.